बाद केलेली पत्रं

अक्काच्या ज्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, ते पत्र मी आजतागायत वाचलेलं नाही. आता वाचता येणारही नाही, कारण ते कुठेच उरलेलं नाही.

प्रल्हादचा फोन आला तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होतो. प्रल्हाद हा अक्काचा एकुलता एक मुलगा, हुबळीला एका कारखान्यात नोकरीला. एरवी फोनवर त्याची बायको वीणा बोलायची. त्यामुळे त्याचा आवाज ऐकताच मी हातातला चहाचा डबा खाली ठेवला.

"मामा, आईला काल धारवाडला ठेवून आलो."

"ठेवून? कुणाकडे?"

"कुणाकडे म्हणजे? वृद्धाश्रमात. जागा चांगली आहे. मागं बाग आहे, डॉक्टर येतो. तिनं कळवलं असेलच तुम्हाला."

"मला? नाही रे. मला काहीच..."

"मामा." तो चिडला नव्हता, दमलेला वाटत होता. "नाही म्हणायचं होतं तर म्हणायचं. आम्ही कुणी राग धरला नसता. पण तिच्या पत्रांना एका ओळीचं उत्तर तरी द्यायचंत. रोज सकाळी अंघोळ करून कॉम्प्युटरसमोर बसायची हो ती."

"कुठली पत्रं, प्रल्हाद? श्रावणापासून तिचं एकही पत्र मला..."

"असू दे. सामान बांधणारे आलेत. जमशेदपूरचा ट्रक उद्या निघायचाय. ठेवतो."

त्याची बदली जमशेदपूरला झाली होती, हेही मला तेव्हाच कळलं. आधण उकळून उकळून आटलं. मी गॅस बंद केला आणि तिथेच उभा राहिलो.

अक्का माझ्याहून बरीच मोठी. आई गेल्यावर माझ्या वेण्याफण्या सोडून बाकी सगळं तिनंच केलं, असं ती चारचौघांत सांगायची आणि मी लाजून आत पळायचो. लग्न होऊन ती हुबळीच्या गलगल्यांकडे गेली, मी मिरजेतच राहिलो, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, लग्न केलं नाही. आमचं सगळं नातं पत्रांतून चाललं. त्यात एक रीत होती. एकाचं पत्र, मग दुसऱ्याचं. आपली पाळी नसताना लिहायचं नाही. पत्रं वाटेत एकमेकांना चुकवून गेली की कोण कुणाला उत्तर देतंय तेच कळत नाही, असं आमचे अण्णा म्हणायचे. अण्णा गेले, रीत राहिली.

म्हातारपणी अक्काला ऐकू येईनासं झालं. फोनचा उपयोग संपला. मग हात कापायला लागला, पेन धरवेना. तिच्या गल्लीत ज्येष्ठांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग निघाला तेव्हा सत्तरी ओलांडलेली ही बाई पहिल्या बाकावर जाऊन बसली. एकेक कळ दाबायला कापरा हात चालतो, असं तिनं मला ईमेलवर कळवलं. कळवलं ते मराठीतच, पण इंग्रजी अक्षरांत. मला ते वाचवत नसे. प्रत्येक शब्द मनात पुन्हा मराठीत जुळवून घ्यावा लागायचा. श्रावणात मी तिला लिहिलं: "अक्का, तुझी भाषा अशी परक्या कपड्यांत बघवत नाही. देवनागरी टाइप करायला शिकून घे. तुला जमेल."

त्यानंतर तिचं पत्र आलं नाही.

ती दुखावली, असं मी धरून चाललो. एवढं शिकून लिहिते आहे आणि हा वर चुका काढतो, असं तिला वाटलं असणार. माफी मागावी असं रोज मनात यायचं, पण पाळी तिची होती. पाळी तिची होती, ही मला सोयीची सबब होती का, ते मी आज सांगू शकत नाही. दोनदा फोन केला तेव्हा वीणा म्हणाली, "आईंना ऐकू येत नाही, मामा. आणि तुम्हाला सगळं माहीतच आहे की." तिच्या आवाजात जो कोरडेपणा होता तो मी अक्काच्या रागाचा समजलो.

आणि आता प्रल्हाद म्हणत होता, पत्रं. एक नाही, अनेक.

मी जिना उतरलो.

खाली रेहाना मुल्ला यांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. बाई चाळिशीच्या, नवरा आखातात, दुकान एकहाती चालवायच्या. माझा कॉम्प्युटर त्यांनीच घ्यायला लावला होता आणि तो बिघडला की त्याच वर यायच्या. मार्गशीर्षाचे दिवस, पत्रिकांचे गठ्ठे दारापर्यंत आले होते.

"काय वो सर, तुम्ही जिना उतरलात म्हणजे वीज तरी गेली नाहीतर माऊस तरी मेला."

"रेहानाबाई, माझी पत्रं हरवलीत."

माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी चेष्टा आवरती घेतली. मशीन चालू ठेवून त्या माझ्यामागून वर आल्या. खुर्चीवरची पुस्तकं मी उचलली, ती कॉटवर ठेवली, कॉटवरची खाली ठेवली.

"कुणाची पत्रं?"

"बहिणीची. श्रावणापासूनची. ती पाठवत होती म्हणे. मला एकही मिळालं नाही."

त्यांनी ईमेलचा प्रोग्रॅम उघडला, अक्काचं नाव शोधलं. यादी आली. सगळ्यात वर श्रावणातलं पत्र, त्याच्यावर काही नाही.

"इनबॉक्सात नाही काही. त्यांची पेटी भरली असेल. भरली की जात नाही पत्र, आणि आपल्याला वाटतं गेलं."

"मग तिला परत आलेलं दिसलं असतं ना?"

"दिसलं असतं. पण वाचता आलं पायजे की. इंग्रजीत येतंय ते." त्या नखानं टेबलावर टकटक करत राहिल्या. "नाहीतर मग पत्ता चुकला. म्हाताऱ्या माणसाचं एक टिंब राहिलं तरी..."

"माझी अक्का टिंब विसरायची नाही."

"बरं बरं. नाही विसरायच्या." त्यांनी डाव्या बाजूची फोल्डरं बघितली. "हे 'बाद' काय हाय?"

ते फोल्डर मी विसरलोच होतो. विसरता यावं म्हणूनच ते केलं होतं.

त्याच्या आदल्या वर्षी माझी पेटी नको त्या पत्रांनी भरून वाहायला लागली होती. रेहानाबाईंनी मला नियम करायला शिकवलं. विषयात अमुक शब्द असेल तर पत्र तमुक जागी टाक, असं एकदा सांगून ठेवलं की प्रोग्रॅम ते निमूटपणे करतो. ग्रंथालयात फाटलेली, कुणी न वाचणारी पुस्तकं आम्ही बाद करायचो, म्हणून त्या फोल्डरला मी तेच नाव दिलं. आणि मला नाद लागला. दारात आलेल्या विक्रेत्याला मला कधी नको म्हणता आलेलं नाही. घरात उदबत्त्यांचे पुडे आणि न लागणारे झाडू पडून असायचे. इथे मात्र कुणाचं तोंड बघावं लागत नव्हतं. एक शब्द लिहायचा आणि त्या शब्दाची सगळी माणसं दाराबाहेर. रोज एखादा नियम वाढत गेला. बाद झालेलं पत्र वाचलेलं धरायचं, असाही एक नियम होता, म्हणजे किती आली ते आकडेसुद्धा डोळ्यांसमोर नकोत.

"उघडू?"

"उघडा."

शेकडो पत्रं होती. रेहानाबाईंनी त्यांत नाव शोधलं. दोन ओळी उरल्या. मनोरमा गलगली. मनोरमा गलगली.

"हाय की! सर, हाय!" त्या खुर्चीतच वळल्या. "वाचा, वाचा लवकर. मी जाते खाली."

"थांबा," मी म्हणालो. "आधी कारण कळू दे."

"कशाचं कारण?"

"ती इथे गेली कशी? मी तिच्या नावाचा नियम केला नव्हता. देवाशपथ नाही."

"सर, बहिणीचं पत्र समोर हाय आणि तुम्ही..."

"आधी कारण."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पत्र वाचायला घाबरतोय हे त्यांना कळलं असावं. त्यातल्या त्यात ताजं पत्र त्यांनी उचलून परत इनबॉक्समध्ये ठेवलं आणि नियमांची यादी उघडली.

"एकेक चालवून बघू. ज्या नियमाला पत्र हलेल तो चोर." त्या वरून वाचायला लागल्या. "'बक्षीस'. नाही हललं. 'कर्ज'. नाही. 'वजन'. सर, तुमच्या अंगावर मांस कुठं हाय? 'वधू-वर'. आता बया! तुम्हाला कोण स्थळं पाठवतंय?"

"मंडळं पाठवतात. सगळ्यांनाच."

"मला नाही सांगितलं कधी. 'मोफत'. नाही. 'अभिनंदन'. अभिनंदनपण नको?"

"अभिनंदन करणारे शेवटी काहीतरी विकतात."

"'काव्यसंमेलन'! सर! तुम्ही पुस्तकांतली माणसं आणि..."

"सोबत कविता जोडलेल्या असतात, रेहानाबाई. एकेकाच्या चाळीस-पन्नास."

त्या हसल्या. मीही हसलो असेन. पत्र पडद्यावर जागच्या जागी होतं आणि प्रत्येक नियमाला ते हललं नाही की मला हायसं वाटत होतं. दोष माझा नसेल, कुठल्यातरी तारेचा असेल, सर्व्हरचा असेल, असं मनात यायला लागलं होतं.

"'श्री'," त्या म्हणाल्या. "हा कशाला?"

"श्रीयंत्र विकणारे. शिवाय आमच्या कॉलेजातले एक निवृत्त गृहस्थ रोज देवांची चित्रं पाठवायचे, श्री अमुक प्रसन्न, श्री तमुक प्रसन्न, पुढे अकरा जणांना धाडा म्हणून. त्यांना तोंडावर सांगवेना."

"म्हणजे विषयात 'श्री' आलं की बाद."

"हो."

त्यांनी बटण दाबलं. पत्र गेलं.

इनबॉक्समधली ती ओळ आमच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली आणि खालची ओळ वर सरकून तिच्या जागी बसली. दुकानातलं मशीन खटखटत होतं.

"सर," रेहानाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "अक्का पत्राच्या वर..."

"श्री लिहिते. दोन्ही बाजूंना दोन-दोन दंड देऊन. आमच्याकडे सगळेच लिहायचे."

"आमची अम्मी सातशे शहाऐंशी लिहायची. पत्रावर, वहीवर. किराण्याच्या चिठ्ठीवरपण. ते लिहिल्याबिगर तिचा हातच पुढं जायचा नाही." त्यांनी 'बाद' फोल्डर पुन्हा उघडलं. "हे बघा. दोन्हीवर हाय. मघाशी पण होतं. मला दिसलं, पण ते शब्द हाय असं वाटलंच नाही."

मलाही वाटलं नव्हतं. जन्मभर जे पत्राच्या माथ्यावर बघितलं ते मी त्या दिवशी वाचलंच नव्हतं.

"पण मग आधीची पत्रं कशी आली?" त्यांनी विचारलं. "श्रावणापर्यंतची?"

"तेव्हा ती इंग्रजी अक्षरांत लिहायची. विषयाची जागा रिकामी ठेवायची."

"आणि मग?"

मग मी तिला सांगितलं होतं की देवनागरी शिक. ती शिकली. पत्राला माथा असतो आणि माथ्यावर काय असतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"बाकीची कुठे आहेत?" मी विचारलं. "प्रल्हाद म्हणाला, कितीतरी लिहिली. इथे दोनच आहेत."

रेहानाबाईंनी माऊसवरचा हात काढून घेतला.

"सर, तुमची डिस्क भरली होती बघा, पावसाळ्याच्या आधी. त्या देवांच्या चित्रांनी."

"हो."

"तेव्हा मी लावलं होतं. 'बाद'मधलं पत्र महिन्याचं झालं की आपोआप पुसायचं." त्यांनी खुर्ची टेबलापासून मागे घेतली. "मीच लावलं होतं ते."

"परत नाही आणता येणार?"

"सर्व्हरवरनं उतरवून घेतो की आपण. तिथं नाही राहत. त्यांच्याकडं असतील. पाठवलेल्यांत."

अक्काची पत्रं हुबळीच्या कॉम्प्युटरवर होती आणि तो कॉम्प्युटर त्या घटकेला खोक्यात बांधला जात होता. पुढे प्रल्हादला मी विचारलं तेव्हा त्यानं तो साफ पुसून कुणाला तरी देऊन टाकलेला होता. त्याला तरी काय माहीत.

"वाचा आता," रेहानाबाई म्हणाल्या आणि उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, पाठ करून. खालच्या अंगणात तंबोऱ्यांचे भोपळे वाळत घातले होते. त्या तेच बघत राहिल्या.

पहिलं पत्र छोटं होतं.

"चि. वामनास अनेक आशीर्वाद. माझ्या कुठल्याच पत्राचं उत्तर नाही. वीणा म्हणते की माझ्या अशुद्ध लिहिण्याला तू कंटाळला असशील. मी तिला सांगितलं, आमचा वामन तसा नाही, चुका दुरुस्त करून पाठवेल पण गप्प बसणार नाही. जोडाक्षरं अजून नीट जमत नाहीत. एक पत्र लिहायला मला दोन सकाळी लागतात. तब्येत बरी आहे ना? तेवढं तरी कळव."

दुसरं अगदी अलीकडचं.

"चि. वामनास अनेक आशीर्वाद. तुझ्याकडे राहायला येऊ का असं मी विचारलं, त्यात तुझी फार अडचण झाली असणार. इतक्या लांब जमशेदपूरला या वयात जाववत नाही आणि दुसरं कुणी नाही, म्हणून विचारलं. तू लहानपणापासून नाही म्हणायला लाजतोस. शेजारच्या काकूंनी ताटात वाढलेलं कारलं नको म्हणायच्या ऐवजी रडत रडत खायचास. तेव्हा उत्तर आलं नाही हेच तुझं उत्तर, असं मी धरते. मला राग नाही. तूही मनाला लावून घेऊ नकोस. प्रल्हादला मी धारवाडसाठी हो म्हणून सांगितलं आहे. तिथे कॉम्प्युटर नाही असं कळतं. पाळी तुझी असली तरी लिहायची घाई नाही. – अक्का"

मी ते दोनदा वाचलं. मला पहिल्यांदा जे वाटलं ते सांगायला हवं, नाहीतर ही गोष्ट सांगण्यात अर्थ नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. एक क्षणभरच, पण वाटलं. प्रश्न आला होता, मोठा प्रश्न, आणि मी काहीही न करता तो निघून गेला होता.

"काय म्हणतात?" खिडकीशीच उभं राहून रेहानाबाईंनी विचारलं.

"माझ्याकडे राहायला येऊ का, असं विचारलं होतं."

"मग?"

"आता काय. ती धारवाडला गेली."

"गेल्या. मेल्या नाहीत." त्या वळल्या. "काय सांगणार तुम्ही?"

मी खोलीभर नजर फिरवली. कॉटवर पुस्तकं, जमिनीवर पुस्तकं, एक खुर्ची.

"जिना उभा आहे. तिचे गुडघे दुखतात. न्हाणीघर खाली. मला धड वरणभात करता येत नाही. तिला ऐकू येत नाही, मला मोठ्यानं बोलता येत नाही."

"त्यांचं ते पत्र वेळेवर मिळालं असतं तर हेच सांगितलं असतं तुम्ही?"

"सांगितलं असतं का, तेच मला माहीत नाही, रेहानाबाई." मी कॉटवरची पुस्तकं उगाच सारखी केली. "मी चार दिवस विचार केला असता. मग आणखी आठ. उत्तर लिहिलं असतं, फाडलं असतं. ती लिहिते त्यात चूक काहीच नाही. नियम नसता तरी कदाचित असंच झालं असतं."

मशीनमध्ये कागद अडकल्याचा आवाज आला, तशा त्या खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी लिहायला बसलो, कागदावर. वीणाला फोन करून धारवाडचा पत्ता मागितला. ती म्हणाली, "मामा, आम्हाला वाटलं तुम्ही नाही म्हणालात."

"मी कधी नाही म्हणालो, वीणा?"

"म्हणाला नाहीत. तेच तर."

तिनं पत्ता सांगितला. पिन कोडसुद्धा न मागता सांगितला.

दुपारी मी लिहिलेले कागद घेऊन खाली गेलो. रेहानाबाई पत्रिकांच्या घड्या घालत होत्या. उभ्या उभ्या त्यांनी पहिला कागद वाचला, दुसरा वाचला.

"सर, हे काय हाय?"

"तिला सगळं नीट कळावं म्हणून."

"नियम म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय, पुसलं कसं जातं, कुणी लावलं..." त्यांनी तिसरा कागद उलटला. "माझं नाव घातलं नाही ते बरं केलं. पण एवढं पुराण कशाला?"

"मग मला ती पत्रं मिळालीच नव्हती हे तिला कळणार कसं?"

"कळून काय करायचं त्यांनी? तुमचा गुन्हा माफ करायचा? तो तर केलाय त्यांनी. लिहिलंय की, राग नाही म्हणून." त्या कागद माझ्या हातात देऊन पुन्हा घड्या घालायला लागल्या. "त्यांनी एक विचारलं होतं. त्याचं उत्तर कुठल्या पानावर हाय?"

उत्तर नव्हतं. तीन कागदांत कुठेच नव्हतं.

मी जायला वळलो तेव्हा त्या मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या मागच्या खोलीत कागदाचे गठ्ठेच हायेत. न्हाणीघर त्याच खोलीला लागून हाय. गठ्ठ्यांचे गुडघे दुखत नाहीत. वर ठेवता येतील तुमच्याकडं." आणि लगेच, "अर्थात पुस्तकं हलवावी लागतील. ते तुम्हाला जमणार नाही."

वर जाऊन मी नव्यानं लिहिलं. या वेळी एकच कागद. पत्रं मला मिळाली नाहीत, एवढं एका ओळीत. मग लिहिलं: "तिथे तुला बरं वाटत असेल तर राहा. नाही वाटलं तर मिरजेला ये. तू ठरवशील तसं करू. माझी काहीच हरकत नाही." वाचलं. सभ्य वाटलं. पाकिटात घातलं, पत्ता लिहिला, डिंक लावला आणि पोस्टात गेलो.

रजिस्टरच्या खिडकीशी माझ्यापुढे दोन-तीन माणसं होती. रांगेत उभा असताना मला अक्का दिसायला लागली. अनोळखी खाटेवर बसून, चष्मा पुसून, पाकीट फोडताना. ती पहिलं वाक्य वाचेल. बरं वाटत असेल तर राहा. तिथेच थांबेल. मग कुणाकडून तरी एक कार्ड लिहवून घेईल: मला इथे बरं वाटतं, काळजी करू नकोस. बरं वाटत असो वा नसो, ती हेच लिहील. मला सोपं जावं म्हणून. जन्मभर ती हेच करत आली होती, आणि ती तसंच करेल हे पत्र लिहिताना मला कुठेतरी माहीत होतं. म्हणून तर ते इतकं सभ्य झालं होतं.

"आजोबा, द्या," खिडकीतला माणूस म्हणाला.

मी पाकीट पुढे केलं आणि मागे घेतलं.

"काय झालं? काही घालायचं राहिलं?"

"नाही. काढायचं राहिलं."

"मग बाजूला या. डाक निघायची वेळ झालीय."

"एक नवीन पाकीट द्या. आणि कागद असेल तर एखादा."

"कागद पोस्टात नाही मिळत, आजोबा." तरी त्यानं कुठल्यातरी जुन्या पत्रकाचा पाठकोरा कागद सरकवला. माझ्या मागची बाई चुकचुकली. मी बाजूच्या फळीपाशी गेलो. तिथं दोरीनं बांधलेलं पेन होतं, त्याची शाई मधेच तुटत होती. ती आली तर काय होईल, हे सगळं मला उभ्या उभ्या दिसत होतं: तिचं पडणं-झडणं, रात्रीचा खोकला, माझं ओरडून बोलणं, माझं वैतागणं आणि ते तिला कळणं. मला जमेल असं एक क्षणही वाटलं नाही. मी लिहिलं:

"अक्का, तुझं पत्र मला काल मिळालं. मी सोमवारी तुला न्यायला येतो. सामान बांधून ठेव. खोली तळमजल्यावर आहे. – वामन"

हे वाक्य पुन्हा वाचलं तर मी त्यात कुठेतरी 'जर' घालीन, हे मला ठाऊक होतं. म्हणून वाचलं नाही. पाकिटात घातलं, पत्ता लिहिला, डिंक बोटानंच फासला आणि रांग मोडून खिडकीशी गेलो. मागची बाई म्हणाली, "अहो, रांग आहे ना!" मी तिची माफी मागितली, पण हललो नाही.

त्या माणसानं पाकीट तोललं, पावती लिहायला घेतली.

"सोमवारच्या आत पोहोचेल ना?" मी विचारलं.

"धारवाड ना? शनिवारी मिळेल. पोचपावती जोडायची?"

"नको," मी म्हणालो. "मीच जातोय."

त्यानं शिक्का मारला आणि पत्र मागच्या पोत्यात टाकलं.